दादा, सीआरपी वाढलेला नाही

मँचेस्टर

प्रिय दादा,
सा. न.

आबांचे सगळे रिपोर्ट पाहिले. सीआरपी, म्हणजे अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, 18 वरून एकदम 160 झाला म्हणून तू घाबरलास. पण पहिला रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा आहे, त्यातलं माप डेसिलिटरचं, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाचं. दुसरा हॉस्पिटलचा, तो लिटरमध्ये. म्हणजे पहिला आकडा 180 धर. सीआरपी उतरलाय, थोडाच, पण उतरलाय.

व्हेंटिलेटरच्या नळीमुळे खोकून कफ काढता येत नाही, तोंडातली लाळ नळीच्या कडेनं खाली झिरपते आणि जंतू फुफ्फुसात जातात. नळी घातल्यावर 48 तासांनी किंवा त्यानंतर होणारा न्यूमोनिया तो हाच, आबांना झालाय तो. त्यात रक्ताचा एकच आकडा बघून काही ठरत नाही. पुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हे ऐकल्या ऐकल्या आपण विचारतोच ना, चढतंय का उतरतंय? तसंच बघायचं. सीआरपी यकृतात तयार होतो, तो सावकाश हलतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही खाली आला नाही तर मात्र डॉक्टर अँटिबायोटिक बरोबर आहे का, कुठं पू साठलाय का, ते परत तपासतात.

रक्तातला दुसरा आकडा, प्रोकॅल्सिटोनिन, त्यापेक्षा चपळ. बॅक्टेरियाचा जोर झाला की काही तासांत चढतं, औषध लागू पडलं की दिवसाला साधारण निम्म्यानं उतरतं. आबांचं उतरतंय, पण त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, जास्त आहे. किडनी थकलेली असली की हा आकडा रेंगाळतो, त्यावरून धसका घेऊ नकोस. मला विचारशील तर ऑक्सिजन किती लागतोय आणि बीपी टिकवून धरायचं औषध कमी होतंय का, हे मी आधी बघेन.

आत्या म्हणते, सात दिवसांत औषध थांबवणार म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तिला समजाव. या न्यूमोनियाला बहुतेकदा सातच दिवस देतात. प्रोकॅल्सिटोनिन 0.5 च्या खाली आलं किंवा सर्वांत वरच्या आकड्यापासून 80 टक्के उतरलं, आणि पेशंटही सुधारत असला, तर थांबवणंच बरं. उगाच लांबवलं तर औषधाला दाद न देणारे जंतू माजतात. अंबाबाईचा अंगारा तिनं खुशाल लावावा, फक्त कपाळाला. नळीजवळ नको.

उद्या राउंडला डॉक्टरांना एवढंच विचार, कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काय आलं. आणि रिपोर्टचा फोटो पूर्ण काढ, मापाचा रकाना कापू नकोस. आईला रात्री राजारामपुरीला घरी पाठव, वहिनीला नमस्कार.

तुझी,
माई