मॉरिशसच्या दादांना, एका आईकडून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

पुण्याला पोचल्यावर फोनवर तुमचे आभार मानले होते, पण बोलायचं होतं ते सगळं राहूनच गेलं. शिवाय ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही अशा इतर आईबापांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मॉरिशसची सहल ठरवताना मी तुम्हाला एवढंच कळवलं होतं, की लेकीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, आहे. हेल्मेट चढवलं की कानामागचं यंत्र सरकतं, डोक्याला लोहचुंबकाने चिकटलेली चकती निसटते. म्हणजे झिपलाइनच्या वेळी, दरीवर ताणलेल्या केबलला लटकून जाताना, ते काढूनच ठेवायला हवं, आणि काढलं की तिला काहीही ऐकू येत नाही. याआधी एका ठिकाणी "जबाबदारी कोण घेणार?" म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. त्या संध्याकाळी ती जेवली नव्हती.

तुम्ही आदल्या दिवशीच शामुनी गावातल्या झिपलाइनच्या लोकांशी बोलून ठेवलं होतंत. आणि शामुनीला गाडीतून उतरल्यावर तिच्यासमोर उभे राहिलात आणि तिलाच विचारलंत, "खुणा कशा करायच्या, तू सांग." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. दादा, डॉक्टरांपासून दुकानदारांपर्यंत सगळे तिच्याबद्दलचे प्रश्न मला विचारतात, ती शेजारी उभी असताना. तुम्ही तिला विचारलंत आणि तिचा चेहरा केवढा खुलला!

मग तुमची दोघांची शाळा गाडीपाशीच भरली. पंजा पुढे म्हणजे निघ. दोन्ही हात आडवे म्हणजे जागेवर थांब. मुठी छातीशी म्हणजे पाय वर घे, आता मचाण आलं. पुलीच्या पुढे केबलला हात लावायचा नाही, बोटं चिरडतील, हे तर वाटेत कोणी ओरडून सांगू शकणार नव्हतं. ते तुम्ही हातमोजा घालून तिला पुन्हा पुन्हा करून दाखवलंत. तिथल्या मुलांनीही खुणा मनापासून शिकून घेतल्या. त्यांनी हार्नेसचे पट्टे आवळले, दोन्ही कॅरॅबिनर, म्हणजे अडकवायच्या कड्या, तिला स्वतः ओढून बघायला लावले. यंत्र डबीत घालून तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि तिच्याआधी स्वतः केबलवरून पलीकडे गेलात, तिला समोर ओळखीचा माणूस दिसावा म्हणून.

दरीच्या त्या टोकाला तुम्ही मुठी छातीशी धरून उभे, आणि माझी पोर झाडांच्या शेंड्यांवरून तुमच्याकडे निघालेली. मी रडले. लपवत नाही.

दुपारी मायेबूरजवळून होडीने इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर जाताना वाऱ्याने यंत्रात नुसता घरघराट चालला होता. तुम्ही जागा बदलून तिच्यासमोर बसलात आणि सावकाश मराठीत बोलत राहिलात. ती ओठ वाचते ते मराठीतच. तुमचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यात राबायला इथे आले, आजीने आणि शाळेने तुम्हाला मराठी दिली, ती माझ्या लेकीच्या अशी कामी आली. आजीबाईंनाही माझा नमस्कार सांगायचा होता, पण त्या आता नाहीत, असं तुम्ही म्हणालात.

बेटावरच्या मार्गदर्शकाचं बोलणं तुम्हीच तिला समजावत होतात. गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून ती रानात सोडली, उंदीर-मांजरांपासून जपली, तेव्हा आज काही शेकडो आहेत. एबनीच्या, म्हणजे आबनूसच्या, फांदीवर बसलेलं पहिलं कबूतर आमच्यापैकी सगळ्यांत आधी दिसलं ते तिलाच! आणि ती दूरच्या आल्डाब्रा बेटांवरची अवाढव्य कासवं. मॉरिशसची मूळची कासवं माणसांनी संपवली. त्यांचं काम आता ही पाहुणी करतात, एबनीची पडलेली फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं, हे ऐकून ती कितीतरी वेळ एका कासवाजवळ बसून राहिली. मागून जायचं नाही, त्याला आधी आपण दिसायला हवं, असं तुम्ही सांगितलंत. तिने लगेच मान डोलावली. तिच्या मागून कोणी एकदम येऊन हात लावला तर तीही दचकते.

आता एक विनंती. तिने तुमच्या खुणांची चित्रं काढली आहेत, रंगवून, खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहून. तुमच्याकडच्या क्रिओल बोलीतली ओळ तुम्ही भरावी, असं तिचं म्हणणं आहे. कागद पोस्टाने पाठवला आहे. शामुनीच्या त्या मुलांना चालणार असेल, तर पहिल्या मचाणापाशी लावा. ऐकू न येणारं पुढचं कोणी तिथे आलं, की त्यांच्या हाताशी असेल.

तुमची,
पुण्याची ताई