गुणगौरवाच्या यादीत नसलेली मुले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘प्रसिद्धीचा हव्यास सोडा आणि सामान्य असण्यात समाधान माना’, अशा आशयाचे एका ज्येष्ठ वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. त्यामागची कळकळ मला समजते, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ठाण्यात नौपाड्यापासून तलावपाळीपर्यंत अभिनंदनाचे जे फलक लागतात, त्यांत गुणवंत मुलाचे छायाचित्र कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांची छायाचित्रे मध्यभागी असतात, हे मीही वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तरीही त्या पत्रातील उपदेशाशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्याला आपण समाधान मानायला सांगतो, त्याच्याकडे आजवर कोणी नीट पाहिले तरी आहे का, हे आधी तपासले पाहिजे. ज्याची दखलच कधी घेतली गेली नाही, त्याला समाधानाचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याला कोणीतरी ओळखावे, मोजावे, ही इच्छा पोकळ मोठेपणाची नव्हे, हे महाराष्ट्राला तरी वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमधील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टच सांगितले, की या तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि इतके दिवस ते न पिताही आपण जगलोच आहोत. आपल्याला तळ्यावर जायचे आहे ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी. त्या माणसांना ‘आहे त्यात सुख माना’ असे सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. इतरांच्या वर बसण्याची मागणी आणि इतरांच्या बरोबरीने बसण्याची मागणी या दोहोंना एकाच तराजूत तोलणे, ही माझ्या मते त्या पत्रातील मुख्य त्रुटी आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे मला हा विषय वर्गातूनच दिसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड अध्यापनाचे शिक्षण घेताना आम्हा सर्वांना शिकवली गेली. अन्न, सुरक्षितता आणि आपुलकी यांच्यापुढे सन्मानाची गरज येते, एवढे बहुतेकांच्या लक्षात राहते. या गरजेचे त्यांनी दोन भाग सांगितले होते, हे मात्र सहसा विसरले जाते: आपल्याला एखादे काम नीट जमते ही मनातली खात्री हा एक, आणि इतरांकडून मिळणारी प्रतिष्ठा, लक्ष व कौतुक हा दुसरा. पहिला भाग व्यासपीठावाचूनही भरून निघू शकतो, पण मूल तो एकट्याने भरू शकत नाही. त्याचे काम जवळून पाहणाऱ्या कोणीतरी ‘हे तुला छान जमते’ असे त्याला एकदा तरी सांगावे लागते.

आमच्या भागातील एका सभागृहात गतवर्षी झालेला गुणगौरव सोहळा मला या संदर्भात आठवतो. नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांची नावे एकेक करून पुकारली जात होती, ट्रॉफ्या खोक्यातून निघत होत्या, पाहुण्यांच्या हातात गुच्छ येत-जात होते. त्या वेळी व्यासपीठाच्या बाजूला, वायरींवर चिकटपट्टी लावत गुडघ्यांवर बसलेला मुलगा त्याच वर्षी दहावी झाला होता. त्याला साठ टक्क्यांच्या आतबाहेर गुण होते. ध्वनिक्षेपक किंचाळू लागला, की तो धावत जाऊन एक बटण किंचित मागे फिरवत असे आणि आवाज पुन्हा स्वच्छ होत असे. तीन तासांच्या त्या कार्यक्रमातील प्रत्येक भाषण त्याच्यामुळे ऐकू आले. आभार मानताना सभागृहाच्या व्यवस्थापनाचे नाव घेतले गेले, फुलवाल्याचेही घेतले गेले, या मुलाचे कोणाला सुचले नाही. त्याची आई मागच्या रांगेत बसली होती आणि पुकारल्या जाणाऱ्या प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होती. या मायलेकांना आता सामान्य असण्यातला आनंद कोणत्या तोंडाने समजावून सांगायचा?

राज्यात दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुले दहावीला बसतात. शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले, पण ती यादी आपण गल्लोगल्ली पुन्हा तयार केली. अलीकडे सर्व विषयांत नेमके पस्तीस गुण मिळवणाऱ्या मुलांच्याही बातम्या होतात, त्यांचे पेढे भरवतानाचे फोटो छापले जातात. त्या मुलांचा आनंद खराच असतो आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे, परंतु त्यांची बातमी होते ती त्या योगायोगाच्या दुर्मीळपणामुळे. अठ्ठावन्न किंवा चौसष्ट टक्के मिळवणारा, म्हणजे खऱ्या अर्थाने सामान्य मुलगा, पहिल्या टोकालाही नसतो आणि शेवटच्याही. त्याच्याकडे पाहण्याची रीतच आपल्याकडे उरलेली नाही.

मोठ्यांच्या जगातही चित्र वेगळे नाही. आपल्या संविधानाचे अठरावे कलम राज्यसंस्थेला लष्करी व विद्याविषयक सन्मान वगळता कोणताही किताब देण्यास मनाई करते, आणि पद्म पुरस्कार हे किताब नसल्याने ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. माणसामाणसांत जन्मभराची उतरंड निर्माण होऊ नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपण मात्र चौकाचौकांत एकमेकांना ‘सम्राट’ आणि ‘भूषण’ करून टाकले आहे.

शिक्षकांच्या पुरस्कारांचीही हीच अडचण आहे. २०१८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करावयाचा असतो. शिफारशींवरचे अवलंबित्व त्यामुळे कमी झाले, हे चांगलेच आहे. तथापि पहिलीच्या वर्गात अक्षर गिरवून घेण्यात हयात घालवलेल्या माझ्या काही सहकारी स्वतःच्या कामाचे फोटो आणि कात्रणे जोडून अर्ज करण्याचा विचारही मनात आणणार नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते.

ठाणेकरांना आपल्या स्थानकाचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी येथे आली आणि ती ओढणाऱ्या तिन्ही इंजिनांची नावे, साहिब, सिंध आणि सुलतान, आजही प्रश्नमंजूषेत विचारली जातात. ज्यांनी तो मार्ग खणला, भराव घातले, रूळ अंथरले, त्या मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्या ओठांवर नाही. आजही हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांच्या कडेने चालणारा, रूळ घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली की ती ठोकून बसवणारा कीमन, म्हणजे रेल्वेचा कामगार, आपल्याला लोकलच्या दारातून क्षणभर दिसतो आणि मागे पडतो. त्याला स्वतःचे काम येते, त्याचे सोबती त्याला मानतात आणि पुष्कळदा तो समाधानीही असतो. ते समाधान त्याच्या सोबत्यांनी दिलेल्या मानावर उभे आहे, आपल्या उपदेशावर नव्हे.

वारीला जाणाऱ्यांनी हे अनुभवले असेल. तेथे समोरचा कोण, कोठला, किती शिकलेला, हे विचारण्याआधीच त्याला ‘माउली’ म्हटले जाते आणि दोघेही एकमेकांच्या पायांवर वाकतात. कोणी मोठा ठरत नाही, तरी प्रत्येकाला मान मिळतो. तेथील सामान्यपण कोणाला बोचत नाही, त्याचे कारण मला या नमस्कारात दिसते.

म्हणून माझी शाळांना, गृहनिर्माण संस्थांना आणि मंडळांना विनंती आहे, की यंदाच्या गुणगौरव सोहळ्यात टक्केवारीची अट काढून टाकावी. दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला नावाने बोलावावे आणि त्याला ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने त्याच्याविषयी एक खरे वाक्य बोलावे. आजीला रोज दवाखान्यात नेतो, उत्तम स्वयंपाक करते, बिघडलेला पंखा दुरुस्त करतो, असे काहीही. कार्यक्रम लांबेल, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी पाहुण्यांची भाषणे कमी करावीत आणि ट्रॉफ्यांचा खर्चही वाचवावा. आपल्या दैनिकानेही निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर नव्वदच्या वरच्या चेहऱ्यांसोबत अशा चार मुलांना जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पाचपाखाडी, ठाणे