काकू, डावा हत्ती तुमचा होता

काकू, हे पत्र सूनबाई तुम्हाला वाचून दाखवेल, तर मधेच "काय गरज होती एवढ्याची" म्हणून तिला थांबवू नका, शेवटपर्यंत ऐका.

मला टेक्स्टाइल डिझाइनला ॲडमिशन मिळाली तेव्हा अख्खा मजला म्हणत होता पोरगी शिवणक्लासला चार वर्षं घालवणार. तुम्ही मात्र हाताने काय काय शिकवतात ते विचारलंत. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, ब्लॉक प्रिंट, बांधणी, माग, आणि एम्ब्रॉयडरीत कांथा, फुलकारी, चिकनकारी, कसुती. कसुती म्हटल्याबरोबर तुम्ही उठून ट्रंकेतली इरकल काढलीत, माहेरची, धारवाडकडची, पदरावर गोपुरं, तुळशीवृंदावन, हत्ती. आम्हाला वर्गात धुरकट झेरॉक्स वाटली होती आणि खरी कसुती दोन खोल्या सोडून ट्रंकेत पडलेली!

माझं सॅम्पल आणलं की तुम्ही आधी उलटं करायचात. "हे काय, गाठ? कसुतीत गाठ नसते गं." मग दोऱ्याचं टोक टाक्यांखाली कसं दाबायचं ते दाखवलंत. छापा नाही, पेन्सिल नाही, नुसते कापडाचे धागे मोजायचे. गवंती टाक्यात जाताना धावदोऱ्यासारखं एक घर भरायचं एक सोडायचं, येताना सोडलेली घरं भरत यायचं, की दोन्हीकडून सारखी रेघ. ऐकायला सोप्पं. पण जाताना एक धागा जरी चुकला तरी परतीचा दोरा भलत्याच घरात पडतो, एका सोंडेसाठी मी तीनदा उसवलंय. मुर्गी टाक्याच्या पायऱ्या त्यामानाने लवकर जमल्या, फुल्याफुल्यांच्या मेथी टाक्याचा मला अजूनही कंटाळा येतो, सॉरी.

आता त्या रात्रीचं. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांना काम दाखवायच्या, आदल्या दिवशी माझ्या कसुतीच्या पीसवर चहा सांडला आणि मी शहाणीने तो गरम पाण्यात सर्फ घालून बुडवला. डाव्या हत्तीचा लाल रेशमी दोरा मी स्वस्त म्हणून घेतलेला, रंग पक्का आहे का ते बघितलंच नव्हतं. दहा मिनिटांत हत्ती गुलाबी ढगात. साडेदहाला तुमचं दार वाजवलं तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं, तुम्ही एवढंच म्हणालात, "वाळू देऊ नकोस." पाणी सकाळीच येतं हे माहीत असून पिंपातलं सगळं गार पाणी माझ्या त्या वीतभर कापडावर ओतलंत, ओल्यातच लाल दोरा उसवलात, गुलाबी जाईपर्यंत खळबळलंत, इस्त्री केलीत, आणि डब्यातला स्वतःचा दोरा काढून बसलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, रात्रीचा एक वाजलेला, आणि धागे तुम्ही नखाने मोजत होतात. मधे सहज सांगितल्यासारखं सांगितलंत की काका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते, १९८२ च्या गिरणी संपानंतर परत साच्यावर गेलेच नाहीत, तेव्हा फॉल-बीडिंग आणि ब्लाउजची हातशिलाई रात्री अशीच चालायची. मी "हो का" म्हटलं. मला डेडलाइनचं पडलं होतं.

ज्युरीत बाहेरून आलेल्या सरांनी पीस उलटा केला, डाव्या हत्तीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे हात पक्का आहे. मी काय म्हटलं माहितीये? "थँक यू सर." बस. घरी येऊन तुम्हाला पेढे दिले आणि ही गोष्ट गिळून टाकली, दीड वर्ष झालं त्याला. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय: तो अख्खा हत्ती काकूंचा आहे, सोंडेपासून शेपटीपर्यंत, आणि माझ्याकडून त्यात सुई ओवण्यापलीकडे काही झालेलं नाही.

पीस कॉलेजमधून परत मिळालाय. रविवारी घेऊन येते. हत्तीच्या पायाखाली मागच्या बाजूने तुमचं नाव भरतेय, गवंतीतच, म्हणजे पुढूनही दिसणार, फक्त आरशातल्यासारखं उलटं. गाठ मारलेली नाही, तपासा.