सोयरीक मोडायच्या आधी हे वाच

किसुमू, केनिया
रविवार रात्र

दादा, वहिनी अन् मायला नमस्कार. याहामोगीच्या कृपेने मी इकडे बरा आहे, गाळप जोरात चालू आहे, झोप कमी पडते एवढंच.

दादा तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मामांनी म्हणे पंचांसमोर सांगून टाकलं की पोरीच्या रक्तात दोष आहे, देज (पोरीच्या घरी द्यायचं वधूमूल्य) ठरलं असलं तरी आपल्या भावाची, पिंट्याची, सोयरीक नको. फोनवर बोललो असतो पण मामांचं नाव निघालं की माझा आवाज चढतो अन् मधेच रेंज जाते, म्हणून लिहितोय. लांब आहे, वैतागू नको.

पहिले हे बघ की पोरीच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय. वहिनी म्हणाली शिबिरात सिकलसेलची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे तो आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे अर्धीच गोष्ट आहे रे. बोटाला टोचून जी पहिली टेस्ट करतात, सोल्युबिलिटी, तिच्यात फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे का नाही एवढंच कळतं, एएस पॅटर्न आहे का एसएस ते कळत नाही, त्याला लॅबमधली पक्की टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, करावी लागते. एएस म्हणजे नुसती वाहक, आजारी नाही. एसएस म्हणजे आजार. 2023 च्या जुलैत शहडोलहून ते सिकलसेलचं मिशन सुरू झालं, 7 कोटी लोकं तपासायचं तेव्हा ठरलं, चांगलंच आहे, पण चिठ्ठी हातात देताना माणसाला दोन मिनिटं बसवून समजावून नको का सांगायला? आता ती चिठ्ठी पोरीच्या कपाळावर चिकटल्यासारखी झाली.

मी साखरेचा केमिस्ट, रसाचा ब्रिक्स (गोडी) मोजणारा माणूस, मला हे कसं कळतं म्हणशील. माझ्या लॅबमध्ये एक जण आहे, इथलाच, लुओ लोकांतला. त्याचा पोरगा 8 वर्षांचा आहे, एसएस. मागच्या महिन्यात त्याच्या घरी उगाली खायला गेलो होतो (आपल्या मक्याच्या घाट्यासारखं असतं, फक्त घट्ट, अन् मिरची नावाला नाही), तर पोरगा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे, रडत पण नव्हता, नुसता दात दाबून होता. त्याची आई कपडा तव्यावर गरम करून मांडीला शेकत होती अन् थोड्या थोड्या वेळाने गिलासभर पाणी पाजत होती. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसेत अडकतात, पुढे रक्त जात नाही म्हणून त्या कळा. मला घास गिळवेना. का ते पुढे सांगतो.

नंतर मी त्याला विचारलं की इतका वाईट आजार, लहानपणीच पोरं जातात, मग पिढ्यानपिढ्या हा संपत कसा नाही? तो हसला, म्हणे याचं उत्तर तर आमच्या तळ्याकाठीच सापडलं. खरंच आहे ते. अँथनी अ‍ॅलिसन नावाचा माणूस, लहानपण केनियात गेलेलं, 1949 मध्ये इथे फिरून लोकांचं रक्त तपासत होता. व्हिक्टोरिया तळ्याच्या काठी अन् समुद्राकाठी शंभरात वीसपेक्षा जास्त लोकं वाहक, अन् मधल्या उंच थंड डोंगराळ भागात एक टक्का पण नाही. भाषा, जात यांच्याशी काही मेळ बसेना, मेळ बसला तो डासांशी. जिथे मलेरिया तिथे सिकल. मग त्याने 15 वाहक अन् 15 बिनवाहक लुओ माणसांना मुद्दाम मलेरिया दिला, बिनवाहकांत 14 जणांना झाला, वाहकांत फक्त 2 जणांना. 1954 ला ते छापून आलं. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही अन् देऊ पण नये, पण कळलं ते कळलं.

बदल केवढा म्हणशील तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 मणी असतात, त्यातला सहावा बदललेला. एक मणी फक्त. तो आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर माणूस चांगला जगतो, अन् मलेरियाचा जंतू पेशीत शिरला की ती पेशी वाकते, प्लीहा तिला जंतूसकट काढून टाकते. दोघांकडून आला तर आजार. म्हणजे मलेरियाच्या मुलखात साधी पोरं तापाने जायची, एसएसवाली या आजाराने जायची, अन् एएसवाली मोठी होऊन त्यांचीच लग्नं व्हायची. असं शेकडो पिढ्या. कोणी ठरवून केलं नाही, जो वाचला त्याचं रक्त पुढे गेलं.

आता आपल्याकडे बघ. आजा सांगायचा ना, पाऊस सरला की धडगाव-तोरणमाळच्या बाजूला बाहेरचा शिपाई, सावकार कोणी टिकायचा नाही, महिनाभरात ताप घेऊन खाली उतरायचा, अन् आपली भिल्ल-पावरा माणसं तिथेच राहायची. आपण समजायचो आजा फुशारकी मारतो. त्यात थोडं या रक्ताचं पण होतं. मामा ज्याला दोष म्हणतात त्यानेच आपले पूर्वज जगवले.

अन् आता खरं सांगतो. इकडे यायच्या मेडिकलमध्ये माझी टेस्ट झाली होती. मी एएस आहे. घरी बोललो नाही, चूकच झाली. शहाणपणा बघ, एएस आहे म्हणून इथे दोन महिने मच्छरदाणी लावली नाही, अन् मलेरियाने तीन दिवस आडवा झालो. तो फायदा जास्त करून लहान पोरांना जीवघेण्या तापात होतो, कवचकुंडलं नाहीत ती.

दादा, इथून पुढचं आधी तू एकटा वाच, मग मायला सांग.

मला आपली बहीण सुमी आठवते. तिचे डोळे पण असेच पिवळे असायचे. रांगायच्या वयात हातापायाचे पंजे सुजायचे, नंतर मांड्या दुखायच्या, बाबा खांद्यावर घेऊन भगताकडे न्यायचे. नवव्या वर्षी गेली. रक्त कधी तपासलं नाही, म्हणून मी खात्रीने बोलत नाही, पण त्या पोराला खाटेवर बघितलं अन् मला सुमीच दिसली. तसं असेल तर माय अन् बाबा दोघं एएस. आत्याने तेव्हा मायच्या पायगुणावर बोट ठेवलं होतं, माय अजून ते विसरलेली नाही. तिला सांग, अर्धं बाबांकडून आलेलं होतं, अन् दोघांनाही माहीत नव्हतं.

अन् मग हिशोब असा, दोघं एएस असतील तर प्रत्येक पोराला पाव हिस्सा एसएस, अर्धा हिस्सा एएस, पाव हिस्सा साफ. पिंट्या धडधाकट आहे म्हणजे एसएस बाजूला काढ, राहिले तीन हिस्से, त्यातले दोन एएसचे. पोरीला नाव ठेवतोय अन् आपलाच पोरगा तीनात दोन हिश्शाने तसाच असायची शक्यता आहे. तू पण.

म्हणून तू, वहिनी, पिंट्या, तिघांनी टेस्ट करा, अन् पोरीची पण पक्की करा. एचपीएलसीच सांगा, तिच्यात थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते पण दिसतं, ते अन् सिकल जमलं तरी आजारच होतो. पोरगी एएस अन् पिंट्या साफ निघाला तर पोरांपैकी कोणी आजारी पडणार नाही, प्रत्येक पोर वाहक निघायची शक्यता निम्मी, एवढंच, मग लग्न थांबवायला काही कारणच नाही. दोघं एएस निघाले तर मात्र मी गोड बोलणार नाही, प्रत्येक वेळेला चारात एक धोका आहे, तो त्या दोघांना समोर बसवून सांगा अन् त्यांनाच ठरवू द्या. दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यातच बाळाची तपासणी करता येते, अन् एसएसला आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आहेत, सुमीच्या वेळेसारखं नाही. पण पंचांनी अन् मामांनी मधे पडू नये.

मामांना मी बुधवारी फोन करतो, तू भांडू नको. नंदुरबारची मिरची संपली, कोणी येणारं असेल तर किलोभर पाठव.

माझा जुना रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपला टाकलाय. प्रिंट काढ अन् पोरीच्या घरी घेऊन जा, तिच्या बापाला माझा कागद पहिले दाखव, तिचा नंतर माग.

तुझाच,
भाऊ