बढतीच्या पत्रावर मी अजून सही का केलेली नाही

चाकण

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

माझ्या बढतीची बातमी माझ्याआधीच घरी पोहोचली आणि आईने शेजारीपाजारी पेढेही वाटले, असे ताईकडून कळले. ‘चालून आलेली लक्ष्मी नाकारू नये’ एवढे बोलून बाबांनी फोन ठेवला. हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कंपनीने मला टूलरूममधून, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागातून, काढून ‘सहायक व्यवस्थापक’ करण्याचे पत्र दिले आहे. मूळ पगार वाढतो हे खरे. परंतु दुप्पट दराने मिळणारा ओव्हरटाइम बंद होत असल्याने हातात पडणारी रक्कम जवळपास आहे तेवढीच राहते. तेही मी चालवून घेतले असते. माझी हरकत पत्राच्या दुसऱ्या पानाला आहे. माझी नेमणूक व्यवस्थापकीय श्रेणीत राहील, पहिले सहा महिने मी प्रोबेशनवर असेन आणि या काळात एक महिन्याची नोटीस देऊन सेवा संपवता येईल, असे तिथे लिहिले आहे. ज्याची नोकरी इतकी वर्षे कायम आहे, त्याने बढती म्हणून पुन्हा प्रोबेशनवर जायचे, हा न्याय मला समजत नाही.

बाबा, यातली मेख कायद्यात आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 आणि त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता, या दोन्हींचे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. हाताने किंवा तांत्रिक कौशल्याने काम करणाऱ्याचा पगार कितीही असो, तो कामगारच राहतो; मात्र नव्या संहितेप्रमाणे पर्यवेक्षकाचा पगार महिना 18,000 रुपयांच्या वर गेला की तो व्याख्येबाहेर पडतो, आणि व्यवस्थापक तर पगार न पाहताच बाहेर असतो. आज मला कपातीत काढायचे झाले, तर कंपनीला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागेल. शिवाय मला औद्योगिक न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा आहे. उद्या सही केल्यावर नेमणूकपत्रात जे लिहिले असेल, तेवढाच माझा आधार. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी मात्र दोन्हीकडे सारखेच राहतात, त्यामुळे आईने त्यांची काळजी करू नये.

काम तेच राहिले तर नुसत्या पदनामाने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. न्यायालये पदनामाला फारसे महत्त्व देत नाहीत, मुख्य काम कोणते ते पाहतात, हे खरे आहे. 1994 साली पादत्राणांच्या एका कंपनीच्या दुकान-व्यवस्थापकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले, आणि त्याच तत्त्वावर तो माणूस हरला, कारण दुकानाचा कारभार तोच पाहत होता. माझ्या नव्या पदावर रजा मंजूर करणे आणि लोकांचे मूल्यमापन करणे ही कामे मुद्दाम घातलेली आहेत. पगारवाढीच्या कराराची बोलणी तोंडावर असताना ज्यांना अशी पत्रे मिळाली, त्यांत युनियनच्या कार्यकारिणीतले दोघे आहेत. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

बाबा, तुमच्या पोस्टात बदली टाळण्यासाठी एलएसजीची (लोअर सिलेक्शन ग्रेड, म्हणजे वरच्या श्रेणीची) बढती सोडणारे कितीतरी जण तुम्ही पाहिले आहेत. तिथे निदान वाट आखलेली आहे. केंद्र सरकारच्या 1981 च्या आदेशाप्रमाणे बढती नको असल्यास लेखी विनंती करायची; कारण पटले तर ती मान्य होते, मग वर्षभर नवी बढती मिळत नाही आणि ज्येष्ठताही जाते; कारण न पटता नकार कायम ठेवला तर शिस्तभंगाची कारवाईसुद्धा होऊ शकते. शिवाय नियमित बढती नाकारणाऱ्याला वर्षानुवर्षे एकाच पदावर अडकल्याचा उतारा म्हणून मिळणाऱ्या आर्थिक श्रेणीवाढीवर हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये स्पष्ट केले. खाजगी कारखान्यात असा आखीव नियम नाही. तिथे प्रश्न करार आणि स्थायी आदेशांचा, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमावलीचा, येतो. आमच्या स्थायी आदेशांतील गैरवर्तनांच्या यादीत बढती नाकारणे नाही, पण ‘वाजवी व कायदेशीर आदेशाची अवज्ञा’ आहे, आणि उद्या त्याच कलमावर बोट ठेवले जाऊ शकते. म्हणूनच मी तोंडी ‘नाही’ म्हटलेले नाही.

युनियनच्या वकिलांना दाखवून मी मनुष्यबळ विभागाला पत्र दिले आणि पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतला. पद स्वीकारण्यास माझी अद्याप संमती नाही, तोवर मूळ पदावरचे काम मी नेहमीप्रमाणे करीत राहीन, असे त्यात नमूद केले आहे. सेवेत खंड धरला जाणार नाही, प्रोबेशनची अट निघेल आणि एक वर्षाच्या आत मूळ पदावर परतण्याचा हक्क राहील, या तीन गोष्टी लेखी मिळाल्या तर मी विचार करीन. साहेबांनी ‘तोंडी समजा ना’ असे म्हटले. त्याला मी नम्रपणे नकार दिला.

उत्तर आले की कळवीनच. दरम्यान कोणी विचारले, तर ‘पत्र आले आहे, अजून घेतलेले नाही’ असे आईने सांगावे. बाबा, माझे 2014 चे मूळ नेमणूकपत्र कपाटातल्या हिरव्या फाइलीत असावे. त्याच्या दोन्ही पानांचा फोटो काढून ताईकडून पाठवून द्यावा, वकिलांनी तो मागितला आहे.

तुमचा,
श्रीकांत