परीक्षेचा ताण आणि पेशींतील ऊर्जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातूरला नीटच्या तयारीसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आलेल्या मुलामुलींना मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया म्हणजेच तंतुकणिकांची आकृती ही मुले न बघता काढतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, तो आईकडून येतो, त्यात ३७ जनुके असतात, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. मात्र चाचणीच्या धास्तीने झोप उडालेले मूल मेसचा डबा तसाच परत पाठवू लागले, की घरून फोनवर ठरलेले उत्तर येते : 'हे सगळे मनाचे खेळ आहेत, अभ्यासात लक्ष घाल.'

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात जवळपास २० टक्के. आणि ही ऊर्जा मुख्यतः तंतुकणिकाच पुरवतात. ताणाशी त्यांचे नाते दुहेरी आहे. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या निर्मितीची पहिली पायरी, म्हणजे कोलेस्टेरॉलचे प्रेग्नेनोलोनमध्ये रूपांतर, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीतील तंतुकणिकांमध्येच घडते, आणि हेच कॉर्टिसॉल पुढे मेंदूतील तंतुकणिकांच्या कामावर परिणाम करते. थोड्या वेळेपुरते ते उपकारकच असते. परंतु ताण दीर्घकाळ टिकला तर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील चेतापेशींच्या शाखा आखडतात आणि तंतुकणिकांची ऊर्जानिर्मिती मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. पाठांतरासाठी रात्री जागवणाऱ्यांनी याचा विचार करावा. माणसांच्या बाबतीत, कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन पिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना ऐनवेळी भाषण करायला लावले, तेव्हा अर्ध्या तासातच त्यांच्या रक्तात तंतुकणिकांच्या डीएनएचे प्रमाण वाढलेले आढळले. एरवी असे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर घडते; इथे मारहाण नाही, जंतुसंसर्ग नाही, नुसते चार शब्द बोलायचे होते!

अर्थात, तंतुकणिका बिघडल्या म्हणून नैराश्य आले, असे सरळ गणित यावरून कोणी मांडू नये. आणि या संशोधनाचा हवाला देऊन उद्या कोणी 'ब्रेन टॉनिक' विकू लागला, तर पालकांनी त्याला दारातूनच परत पाठवावे. नियमित व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढते, ही गोष्ट मात्र पक्की आहे, आणि आपल्या वसतिगृहांच्या वेळापत्रकात नेमका खेळालाच तास नाही.

क्लासचालकांनी रात्री उशिरापर्यंतच्या अभ्यासिका आणि लगेच पहाटेच्या तासिका ही जोडगोळी बंद करावी, आणि केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' या मोफत समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहात दर्शनी भागी लावावा. चौकाचौकांतल्या फलकांवर गुणवंतांचे फोटो छापणाऱ्यांना तेवढी एक ओळ परवडायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, लातूर