'रगत आलं न्हाई' म्हणून घरी नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉलीला दुचाकी धडकल्याच्या बातम्या आपल्या अंकात येतात आणि 'डोक्याला मार लागून' एवढ्यावर संपतात. त्या जागी जमलेली माणसं काय म्हणतात ते मात्र कुणी छापत नाही: "रगत आलं न्हाई, बोलतोय की चांगला, न्या घरला."

कानाच्या वरचं हाड पातळ असतं. ते तडकून आतली धमनी फाटली, की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचतं. पोरगा मधे शुद्धीवर येतो, चहासुद्धा पितो; काही तासांत उलट्या, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर पुष्कळदा तो पुन्हा हिंडता-फिरता होतो.

म्हाताऱ्यांचं उलटं. वयानं मेंदू आक्रसतो, आवरणाखालच्या शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात जरा पाय घसरला तरी शीर तुटते, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. काही आठवड्यांनी आजोबा विसरायला लागतात, पाय ओढतात, दिवसभर झोपून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं! वॉर्डात असताना कवटीला एक-दोन छिद्रं पाडून रक्त काढल्यावर अशी माणसं चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत. बरा होणारा हा आजार म्हातारचळ म्हणून खपवला जातो, याची मला खरी चीड आहे.

मार न लागताही रक्तस्राव होतो. बीपीची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांना तो धोका जास्त. तोंड वाकडं झालं की लगेच ॲस्पिरिन चारणारे शहाणे गल्लोगल्ली आहेत. पण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात तीच गोळी घात करू शकते. क्षणात टोकाला जाणारी, जन्मात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी असेल तर फुगलेली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तिथंही सकाळची वाट पाहू नये.

चंदगड, गगनबावड्याकडून कोल्हापूर गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून रुग्ण पुढं पाठवणाऱ्या डॉक्टरांनी, सीटी चालू आहे का आणि न्यूरोसर्जन हजर आहेत का, हे आधी फोनवर विचारून चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव लिहून द्यावं. नुसतं 'कोल्हापूरला न्या' सांगू नये.

– एक निवृत्त परिचारिका, राजारामपुरी, कोल्हापूर